वरचं गाव, खालचं गाव: पाणी-चराईच्या भांडणात समझोता टिकत नाही, सुरुवात कुठून करायची?

शिवारवाट (प्रश्न)

दोन शेजारी गावं, दोघांत एकच पाट. वरच्या गावात बहुतेक बागायत, खालच्या गावात निम्मी घरं जनावरांवर जगणारी. उन्हाळा लागला की पाटाचं पाणी खाली पोचेनासं होतं. खालच्यांची जनावरं कुरणाकडे जाताना वरच्यांच्या उभ्या पिकात शिरतात. भांडण शिवीगाळीवरून काठ्यांवर आलं आहे. एक माणूस कायमचा अधू झाला, ती केस कोर्टात आहे.

आधीचे समझोते सगळे एकाच धर्तीचे: मोठी सभा, दोन्हीकडच्या वजनदार मंडळींची भाषणं, एक पानी कागद, त्यावर सह्या. पुढच्या हंगामात एखादं जनावर शेतात शिरतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. आता दोन्हीकडची काही माणसं नव्याने प्रयत्न करायला तयार आहेत.

विचारायचं असं, की सगळ्यांना एकत्र कधी बसवायचं आणि त्याआधी काय करायचं? पाणी आणि चराईच्या अटी किती बारकाईने लिहायच्या? आणि समझोत्यानंतर कुणी आगळीक केली तर काय? ज्यांनी हे काम जवळून केलं आहे त्यांनी तपशिलात लिहावं, ही विनंती.

मधली वाट

संयुक्त बैठक ही पहिली पायरी नाही. तिच्याआधी दीड-दोन महिन्यांचं काम असतं आणि ते वगळलं की तुम्ही वर लिहिलंय तेच होतं: ज्यांचं भांडण नाही ते भाषण करतात, ज्यांचं आहे ते मागे उभे राहून ऐकतात.

आधी मध्यस्थ ठरवा. एकटा माणूस नको, जोडी हवी, आणि ती दोन्ही गावांना चालणारी हवी. जोडीने मुक्काम तिसरीकडे करायचा. एका गावात जेवून दुसऱ्या गावात बैठकीला गेलात तर ती गोष्ट तुमच्याआधी पोचलेली असते. एक दिवस आधी वरच्या गावात, तर पुढच्या खेपेला आधी खालच्या. दोन्हीकडे सारखाच वेळ द्यायचा. लोक हे सगळं मोजत असतात.

मग वेगवेगळं ऐकणं. प्रत्येक गावात निदान वीस-पंचवीस जणांशी स्वतंत्र बोला. सरपंच, मुखिया, म्हातारी माणसं यांच्याशी तर बोलालच, पण समझोता बहुतेक वेळा त्यांच्यामुळे मोडत नाही. गुरं वळणारी पोरं, रात्री पाण्यावर जाणारे मजूर, पाटाचं दार उघडणारा माणूस, जखमीच्या घरचे, एका गावातून दुसऱ्या गावात लग्न होऊन गेलेल्या बाया, या सगळ्यांना गाठा. शिवाय भांडण चालू राहिल्याने ज्यांचा फायदा होतो त्यांचीही यादी करा: पाणी विकणारा, पडेल भावात जनावरं घेणारा, केसवर पैसा मिळवणारा, निवडणुकीत हा मुद्दा वापरणारा. त्यांना टाळून चालत नाही. भांडण मिटल्यावर त्यांचं काय बुडतं हे आधीच ठाऊक असेल तर कोण कुठे काडी घालेल ते ओळखता येतं.

बोलताना मागणीवर थांबू नका. "त्यांची जनावरं आमच्या हद्दीत नकोत" ही मागणी झाली. "ती आली नाहीत तर तुमचं नेमकं काय वाचेल?" असं विचारलं की कळतं, की राग पेरणीनंतरच्या सहा आठवड्यांपुरता आहे. धसकटं उभी असताना तीच जनावरं खतासाठी हवीच असतात. अशा जागी तोडगा निघतो.

नकाशा दोन्ही गावांकडून वेगवेगळा काढून घ्या. हद्द, पाट, विहिरी, जनावरांची वाट, मारामारीच्या जागा हे सगळं पारदर्शक कागदावर, एकाच मापात. मग दोन्ही कागद एकमेकांवर ठेवा. सगळी सीमा वादाची आहे असं लोक म्हणत असतात, प्रत्यक्षात रेषा चार-पाच ठिकाणीच फारकत घेतात. घटनांची यादीही अशीच दोन्हीकडून तारखेसकट करून घ्या. एकाच्या यादीतली सुरुवात दुसऱ्याच्या यादीत मधेच कुठेतरी असते. ते ज्याचं त्याला दिसू द्या, तुम्ही निकाल देऊ नका.

यानंतर निरोपांची ने-आण. प्रत्येक बोलण्याच्या शेवटी विचारायचं: यातलं पलीकडे काय सांगू, काय नको? सांगायचं ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि त्यांना वाचून दाखवा. एक जरी गोष्ट परवानगीशिवाय पलीकडे गेली, तर त्या गावात तुमचं काम संपलं म्हणून समजा.

दक्षिण सुदानमध्ये दिंका आणि नुएर या दोन जमातींत वुनलिट इथे जो समझोता झाला, त्याची परिषद २७ फेब्रुवारी ते ८ मार्च १९९९ अशी चालली. पण दोन्हीकडचे प्रमुख जून १९९८ मध्येच आधी भेटले होते, आणि परिषदेपूर्वी एकमेकांच्या मुलखात प्रत्यक्ष जाऊन आले होते. परिषदेतही आधी दोन्ही बाजूंना आपापली गाऱ्हाणी मांडायला पुरेसा वेळ मिळाला, ठराव नंतर झाले. पळवून नेलेल्या बायका-मुलांना परत करणं, चराई आणि मासेमारीची ठिकाणं वाटून वापरणं हे त्या ठरावांत होतं. सह्यांचा दिवस सगळ्यांच्या लक्षात राहतो, पण त्यामागे आठ-नऊ महिन्यांची तयारी होती.

संयुक्त बैठक घ्याल तेव्हा जागा तिसरी, दोघांना सारख्याच अंतरावर. प्रत्येक गावातून आठ-दहा माणसं, त्यांत निदान तीन बाया आणि दोन तरुण. अडीच-तीन तासांपेक्षा जास्त नाही आणि अंधार पडायच्या आत सगळे घरी पोचतील अशी वेळ. काठ्या नकोत, चित्रीकरण नको. बोलायला प्रत्येकी पाच मिनिटं, आणि उत्तर देण्याआधी समोरच्याने ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं. हे सुरुवातीला कृत्रिम वाटतं, तरी सोडू नका. पहिल्या बैठकीत पाण्याचा विषय घेऊ नका. त्याच दिवशी तडीस जाईल असं काहीतरी घ्या: आजारी माणसाला नेणारी गाडी कुणीही अडवणार नाही, शाळेत जाणाऱ्या मुलांची वाट मोकळी राहील. कुणी तावातावाने उठून गेलं तर त्याच्यामागे कोण जाणार हेही आधीच ठरवून ठेवा.

पाटकरी

वरचं सगळं पटलं. मी फक्त पाण्यावर लिहितो.

वाटणीवर बोलायच्या आधी पाणी दोन्ही गावांनी मिळून मोजा. पद्धत सोपी आहे. पाटाचा दहा मीटरचा सरळ, सारख्या रुंदीचा तुकडा निवडा. रुंदी मोजा, तीन-चार ठिकाणी खोली मोजून सरासरी काढा. लाकडाचा छोटा तुकडा मधोमध सोडा आणि दहा मीटर जायला किती सेकंद लागतात ते पाहा. पाच वेळा करा, सरासरी घ्या. पृष्ठभागावरचं पाणी तळापेक्षा वेगाने जातं, म्हणून मातीच्या लहान पाटासाठी आलेल्या वेगाला ०.७५ ने गुणा.

उदाहरण: रुंदी ०.६ मीटर, खोली ०.२ मीटर, म्हणजे छेद ०.१२ चौरस मीटर. दहा मीटरला २५ सेकंद, म्हणजे वेग ०.४, त्याचे ०.७५ ने ०.३ मीटर प्रतिसेकंद. दोन्हींचा गुणाकार ०.०३६ घनमीटर, म्हणजे सेकंदाला ३६ लिटर.

हेच माप पाटाच्या मुखाशी, दोन गावांच्या हद्दीवर आणि शेवटच्या टोकाला एकाच दिवशी घ्या. वरच्या गावातली सगळी दारं त्या वेळी बंद हवीत आणि प्रत्येक दारावर दोन्ही गावांचा एकेक माणूस उभा हवा. मुखाशी ३६ आणि हद्दीवर २४ आले, तर १२ लिटर, म्हणजे तिसरा हिस्सा वाटेत जिरतोय. त्या दिवशी ते कुणीही चोरलेलं नाही, हे दोन्ही गावं डोळ्यांनी पाहतात. मातीच्या जुन्या पाटात अशी गळती अगदी नेहमीची: खेकड्यांची बिळं, झाडांची मुळं, खचलेला भराव. गुणक थोडा चुकला तरी बिघडत नाही, कारण दोन्ही मापांना तो सारखाच लागू आहे आणि आपल्याला प्रमाण हवंय. वर्षानुवर्षं ज्याला चोरी म्हटलं जात होतं त्यातला मोठा भाग गळती निघाला, की बोलण्याचा सूरच बदलतो. बाकीची खरी चोरी उरतेच, पण तिचं माप ठरलेलं असतं.

आता पाळ्या. यात तीन ठिकाणी हमखास घोळ होतो.

पहिला घोळ भरण-वेळेचा. दार उघडल्यापासून पाणी खालच्या गावात पोचायला तीन तास लागत असतील, तर ते तीन तास कुणाच्या पाळीत धरायचे? हे लिहिलं नाही तर खालच्या गावाची बारा तासांची पाळी नऊ तासांची होते. उलट, वरचं दार फिरवल्यावर पाटात उरलेलं पाणी खाली वाहत राहतं, तेही कुणाचं ते लिहा. स्वच्छ उपाय म्हणजे पाळी पाणी हद्दीवर पोचल्यापासून मोजायची. हद्दीवर एक खुंट रोवायचा आणि पाणी खुणेला लागलं की घड्याळ सुरू.

दुसरा घोळ रात्रीचा. पाळीचं चक्र बरोबर सात दिवसांचं ठेवलं, तर ज्याच्या वाट्याला रात्र आली त्याला ती जन्मभर येते. चक्र साडेसात दिवसांचं, म्हणजे १८० तासांचं करा. प्रत्येक फेरीला पाळी बारा तास पुढे सरकते, या वेळी रात्र तर पुढच्या वेळी दिवस. एवढ्या एका बदलाने कुरकुर पुष्कळ कमी होते.

तिसरा घोळ टंचाईचा. वाटा तासांत लिहिलेला असतो, पण पाणी निम्मं झालं की त्या तासांत शेत भिजत नाही. म्हणून टप्पे आधीच लिहा: मुखाशी अमुक लिटरच्या वर प्रवाह असेल तर सगळ्या पिकांना पाणी. त्याखाली गेला तर नवीन लागवडीला नाही. आणखी खाली गेला तर फक्त पिण्याचं, जनावरांचं आणि फळझाडं जगण्यापुरतं. आकडे पावसाळ्यात ठरवा. टंचाई सुरू झाल्यावर ठरवायला बसलात तर कुणीच एक थेंब सोडणार नाही.

दाराला दोन कुलपं, एकेक किल्ली एकेका गावाकडे. पाणी सोडणाऱ्याचा मेहनताना दोन्ही गावांच्या वर्गणीतून. एकाच गावाने पैसे दिले तर तो त्याच गावाचा माणूस ठरतो, कितीही सचोटीचा असला तरी.

निवाडा कुणी करायचा यासाठी स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचं पाणी-न्यायालय पाहा. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दारात भरतं, कामकाज तोंडी चालतं, आणि न्यायाधीश म्हणजे आठ कालव्यांच्या शेतकऱ्यांनी निवडून दिलेले प्रतिनिधी. युनेस्कोने २००९ मध्ये त्याला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यातला घेण्यासारखा नियम असा, की ज्या कालव्याचा तंटा असेल त्याचा प्रतिनिधी निवाड्याला बसत नाही, आणि आरोपी नदीच्या एका काठाचा असेल तर निकाल दुसऱ्या काठाचे लोक सुचवतात. दोनच गावं असली तरी हे जमतं: वरच्या गावच्या माणसाने पाणी फोडलं तर निकाल सुचवायचा खालच्या गावाने, त्याच ठरलेल्या दंडाच्या तक्त्यातून. तक्ता ठरलेला असल्यामुळे सूड घेता येत नाही, आणि उद्या आपलाही माणूस त्यांच्यापुढे उभा राहणार आहे हे माहीत असतं.

चराऊ रान

चराईचं थोडक्यात.

वाट आखताना रुंदी कागदावर ठरवू नका. सगळ्यात मोठा कळप त्या वाटेने प्रत्यक्ष चालवा, दोन्ही गावची माणसं बरोबर घेऊन, आणि कळप जिथे पसरतो तिथे खुणा करा. सरळ भागात शंभर मीटरवर दगड, वळणावर आणि ओढा ओलांडताना वीस-पंचवीस मीटरवर. पाणी पाजायची आणि दुपारी बसायची जागा वाटेच्या आतच हवी. ती नसेल तर तहानलेला कळप वाट सोडणारच, तिथे गुराख्याला दोष देऊन उपयोग नाही. वाटेवर अतिक्रमण झालं तर तोही करारभंगच, हे शेतकऱ्यांकडून लिहून घ्या. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरने १९९३ मध्ये ग्रामीण संहिता करून जमिनीच्या आणि चराईच्या वादांसाठी स्थानिक पातळीवर भू-आयोग उभे केले. त्या सगळ्या पट्ट्यात तंट्यांचं एक मोठं कारण हेच आहे, की शेतं हळूहळू जनावरांच्या वाटांवर सरकली.

शिवार खुलं करायची तारीख दिनदर्शिकेवरून घेऊ नका. पाऊस लांबला की काढणी लांबते आणि तारखेचा कागद दाखवून जनावरं उभ्या पिकात येतात. "दोन्ही गावांचे दोन-दोन माणसं शिवार फिरून शेवटचं पीक निघाल्याचं सांगतील, त्यानंतर तिसऱ्या दिवशी" असं लिहा.

नुकसानीचा पंचनामा २४ तासांच्या आत, दोन्ही गावांचा एकेक माणूस मिळून. एक मीटर बाय एक मीटरची चौकट घ्या, तुडवलेल्या भागात पाच ठिकाणी टाका आणि शेजारच्या शाबूत पिकाशी ताडून किती टक्के गेलं ते लिहा. समजा ४० बाय १५ मीटरचा पट्टा तुडवला, ६०० चौरस मीटर, आणि पाच चौकटींची सरासरी ६० टक्के आली, तर भरपाई ३६० चौरस मीटरची. दर चौरस मीटरला उत्पन्न किती हे त्याच शेताच्या शाबूत भागाच्या काढणीवरून घ्यायचं, तोंडी अंदाजावरून नाही. पीक कोवळं असेल तर ते पुन्हा फुटू शकतं, म्हणून निम्मी रक्कम लगेच द्यायची आणि पंधरा दिवसांनी पुन्हा पाहून बाकीची ठरवायची.

सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे जनावरं कोंडून ठेवणं. मारामारीची ठिणगी तिथे पडते, पिकात नाही. कोंडायला साफ मनाई करा. ओळखीची खूण आणि फोटो घेऊन जनावर सोडायचं, भरपाईची जबाबदारी त्या गावच्या समितीवर.

शिवारवाट

खूप उपयोगी, तिघांचेही आभार. १८० तासांच्या चक्राचं आमच्या कुणाच्याच डोक्यात नव्हतं. दोन शंका आहेत. काही जण म्हणतात आधी दोन्हीकडच्या पोरांचे एकत्र सामने घ्या, मनं जुळली की पाण्याचं आपोआप सुटेल. दुसरं, समझोत्यानंतर आगळीक झाली तर काय, हे अजून राहिलंय.

सलोखा

सामन्यांनी पाण्याचं आपोआप सुटत नाही. सलमा मूसा यांनी इराकमध्ये, आयसिसच्या हिंसेनंतर, विस्थापित ख्रिस्ती खेळाडूंच्या फुटबॉल संघांबाबत केलेला प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. काही संघांत मुस्लिम खेळाडू मिसळले होते. त्या संघांतल्या ख्रिस्ती खेळाडूंचं मैदानावरच्या मुस्लिम खेळाडूंशी वागणं सुधारलं. मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांबाबत मात्र तितका फरक दिसला नाही. म्हणजे ओळखीच्या माणसापुरता जिव्हाळा वाढतो, गावाबद्दलचा संशय तसाच राहू शकतो. १९५४ मध्ये मुझफर शेरीफ यांनी अमेरिकेत मुलांच्या शिबिरात केलेल्या प्रयोगातही नुसतं एकत्र आणून भांडण मिटलं नव्हतं. दोन्ही गटांना मिळूनच करता येईल असं काम पुढे आलं तेव्हा फरक पडला, आणि त्यातलं एक काम बंद पडलेला पाणीपुरवठा सुरू करण्याचं होतं.

तेव्हा खेळ घ्या, पण गाव विरुद्ध गाव संघ करू नका, संघ मिश्र करा. आणि खरं एकत्र काम गळती बुजवण्याचं ठेवा. पाटकरींनी सांगितलेली मोजणी झाली की काम समोर आहेच. हद्दीच्या दोन्ही बाजूंना एकाच दिवशी काम, मिश्र टोळ्या, दोन्हीकडून सारखी माणसं. बाहेरून पैसा येणार असेल तर फार जपा. एकाच गावात बांधलेलं "सामाईक" गोदाम किंवा टाकी नवं भांडण घेऊन येते. समितीला बैठकभत्ता सुरू झाला तर भांडण चालू राहण्यात तिचाही फायदा तयार होतो. प्रवासखर्च द्या, त्यापलीकडे नको.

आता आगळीक. ती होणार असं धरूनच करार लिहा. करारातलं सगळ्यात लांब कलम हेच असायला हवं, आणि त्याचं पहिलं वाक्य असं: एका माणसाचं कृत्य हे त्याच्या गावाचं कृत्य धरलं जाणार नाही, दंड त्या माणसावर पडेल. यानंतर घड्याळ लावा.

दोन तासांच्या आत दोन्हीकडचे ठरलेले माणसं फोनवर बोलतील. प्रत्येक गावातून चार नंबर, त्यांत एक बाई आणि एक तरुण. रात्री कुणाचा फोन चालू राहील ते नावासकट. सहा तासांच्या आत दोन्हीकडचे मिळून जागेवर जातील, अंधार असेल तर उजाडताच. पण जखमी असेल तर त्याला नेण्यासाठी कुणाचीही वाट पाहायची नाही. २४ तासांच्या आत दोन्ही गावांत एकाच वेळी, एकाच मजकुराचं निवेदन. ७२ तासांच्या आत तात्पुरता निर्णय: भरपाई, दंड किंवा "तपास चालू, तोवर पाळ्या आहेत तशाच". ही शेवटची अट विसरू नका. चिडून पाणी बंद करणं आणि वाट अडवणं याला कोणत्याही घटनेनंतर बंदी हवी.

दंड चढता ठेवा. पहिल्या वेळी नोंद आणि ताकीद, दुसऱ्या वेळी भरपाईच्या दुप्पट, तिसऱ्या वेळी एक पाळी किंवा एका हंगामाची चराई बंद. सामाईक साधनसंपत्ती गावं कशी सांभाळतात यावर काम करून २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवलेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनीही टिकाऊ व्यवस्थांचं हे एक लक्षण नोंदवलं आहे: देखरेख वापरणाऱ्यांचीच असते आणि शिक्षा हळूहळू चढते. पहिल्याच चुकीला जबर दंड ठेवला तर तो कुणी वसूल करत नाही, आणि एकदा वसूल झाला नाही की तक्ता मेला. दंडाची रक्कम समोरच्या गावाच्या खिशात किंवा समितीच्या खर्चात नको, पाटाच्या दुरुस्तीत जाऊ द्या.

अफवांसाठी वेगळी व्यवस्था लागते. मेसेज आला की तीनच प्रश्न: कुणी डोळ्यांनी पाहिलं, कुठे, किती वाजता? उत्तर मिळेपर्यंत दोन्ही गावांत एकच वाक्य जाऊ द्या: "आम्ही दोन्हीकडून तपासतोय, संध्याकाळी सहाला सांगू." आणि सहाला काही कळलं नसलं तरी सांगायचं. अफवा खोडताना ती पुन्हा अक्षरशः लिहू नका, नाहीतर ज्यांनी ऐकली नव्हती त्यांनाही ती पोचते.

केनियातल्या वाजीरचं उदाहरण इथे चपखल आहे. कुळाकुळांतल्या हिंसेमुळे तिथल्या बाजारात बायकाही एकमेकींशी व्यवहार करेनाशा झाल्या होत्या. देका इब्राहिम अब्दी आणि त्यांच्या सोबतच्या स्त्रियांनी सुरुवात केली ती बाजारापासून: कुणाला अडवलं जात नाही ना हे बघणारी स्त्रियांचीच देखरेख समिती. मग वडीलधाऱ्यांना त्यात आणलं, १९९३ मध्ये कुळप्रमुखांचा अल-फताह जाहीरनामा झाला, आणि घटना घडताच जागेवर धावून जाणारी पथकं उभी राहिली. देका यांना २००७ मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. बायकांना समितीत घ्यायचं ते संख्या भरण्यासाठी नाही. बाजार, पाणवठा, माहेर-सासर या तिन्ही वाटा भांडण पेटलेलं असतानाही काही प्रमाणात चालू असतात, आणि त्या त्यांच्याच हातात असतात.

न्यायवाट

भरपाईच्या तक्त्याबद्दल एक गंभीर सूचना. तो पिकापुरता, जनावरापुरता, पाण्यापुरता ठेवा. माणसाच्या जिवाचा दर त्यात घालू नका.

केनियातच २००१ चा मोदोगाशे जाहीरनामा पाहा. चराईसाठी दुसऱ्याच्या भागात जाण्याआधी विचारणं वगैरे चांगल्या अटी त्यात होत्या, पण खुनाची भरपाई पुरुषासाठी शंभर जनावरं आणि स्त्रीसाठी पन्नास अशी ठरवली होती. देशाच्या कायद्याशी तो थेट विसंगत, आणि बाईचा जीव निम्म्या मोलाचा. शिवाय अशा तक्त्यात भरपाई सगळं कुळ भरतं, म्हणजे मारणाऱ्यावर स्वतःवर फारसं काही येत नाही.

तुमच्याकडची अधू झालेल्या माणसाची केस कोर्टातच राहू द्या. "समझोता हवा असेल तर केस मागे घ्या" अशी अट कुणी घातली तर ती चर्चेलाही घेऊ नका. खून, कायमचं अपंगत्व, लैंगिक अत्याचार, मुलांवरचा अत्याचार, यांची तडजोड गावाच्या बैठकीत होत नाही. कोणते गुन्हे कायद्याने आपसात मिटवता येतात हे वकिलाला लेखी विचारून घ्या. पण त्या माणसाच्या घराला आधार देता येतो, केसपासून पूर्ण वेगळा: औषधाचा खर्च, त्याच्या शेताची मशागत, पाळीचं पाणी लावून देणं. दोन्ही गावांनी मिळून द्यायचा आणि "याचा केसशी संबंध नाही" असं लिहून द्यायचा, म्हणजे उद्या साक्ष बदलण्याचा दबाव आला असं म्हणायला जागा राहत नाही. हे त्याला आणि घरच्यांना आधी विचारा. नको म्हणाले तर नको.

लायबेरियातला एक अभ्यासही लक्षात ठेवा. तंटे बोलून सोडवण्याचं प्रशिक्षण ८६ वस्त्यांमध्ये सुमारे १५ टक्के प्रौढांना दिलं गेलं. वर्षभराने तिथे जमिनीचे वाद जास्त मिटलेले आणि हिंसा कमी झालेली दिसली. पण त्याचबरोबर कायद्याबाहेरच्या शिक्षा वाढलेल्या दिसल्या. गावाने न्याय हातात घेतला की हा धोका असतो. म्हणून तुमच्या समितीला काय करता येणार नाही याचीही यादी करारात हवी: मारहाण नाही, बहिष्कार नाही, कुणाला गावाबाहेर काढणं नाही, पोलिसात जायला मनाई नाही.

शिवारवाट

मोजणीचा दिवस आधी लावून घेतो, वाटणीचं बोलणं त्यानंतरच. एक शेवटचं: सह्या कुणाच्या घ्यायच्या? मागच्या वेळी फक्त मुखियांच्या होत्या, पोरं म्हणाली आम्ही कुठे कबूल केलंय.

मधली वाट

म्हणूनच मसुदा सहीच्या आधी वस्तीवस्तीत वाचून दाखवा. लेखी भाषेत नाही, बोलीत, आणि ज्यांना वाचता येतं त्यांच्यासाठी भिंतीवर पंधरा दिवस लावून. हरकती लिहून घ्या आणि प्रत्येक हरकतीचं काय केलं ते परत जाऊन सांगा. सह्या मुखियांच्या असू द्यात, पण सोबत गुराख्यांचे दोन, पाणी लावणाऱ्यांचे दोन, बायकांच्या दोन, तरुणांचे दोन असे प्रत्येक गावातून घ्या. जो माणूस रात्री दोन वाजता दाराजवळ उभा असतो त्याची सही नसेल तर कागदाला फार अर्थ नाही.

मुदत एका वर्षाची ठेवा, कायमची नको. कायमचा करार म्हटला की लोक सावध होतात आणि मोघम शब्द घालतात. पहिले सहा महिने दर महिन्याला आढावा घ्या, मग प्रत्येक हंगामाच्या आधी आणि नंतर. आढाव्यात "वातावरण कसं आहे" असं विचारू नका, मोजता येईल ते मोजा: किती पाळ्या चुकल्या, घटनेपासून एकत्र जागेवर जाईपर्यंत किती तास लागले, अंधार पडल्यावर हद्दीची वाट किती जण वापरतात, पलीकडच्या गावातले किती जण इकडच्या बाजाराला येतात. तास वाढायला लागले तर पुढची घटना घडायची वाट न पाहता बैठक बोलवा. आणि पहिली पेरणी व्हायच्या निदान तीन आठवडे आधी सह्या झाल्या पाहिजेत. पेरणी झाल्यावर वाटेची आखणी मागायला गेलात तर त्या वाटेवर कुणाचं तरी बी पडलेलं असेल.